खातं सत्तावीस

सकाळी सहाला शटर वर करतो
आणि गावभराच्या दुधातलं पाणी ओळखत बसतो.
काचेची नळी, नळीत तरंगणारा लॅक्टोमीटर.
काटा खाली बुडाला की समोरचा आभाळाकडे पाहतो,
म्हणतो, "गाय रात्री भिजली होती न भाऊ."
मी काही बोलत नाही.
डिग्री लिहितो.

खातं सत्तावीस कधी घसरलं नाही.
खातं सत्तावीस म्हणजे अवथळेंची ती,
घरी दोन गवळाऊ गाई,
कानाला भावाचा मफलर,
कॅनच्या तोंडाशी झाकणाखाली पळसाचं पान.
तिला काहीतरी चांगलं म्हणावं
हे पोळ्यापासून मनात आहे.
आता तीळ महाग झालेत.

पहिल्यांदा म्हणालो, "आज मस्त दिसता."
तिनं मागं वळून पाहिलं.
भिंतीवर ढेपेच्या कंपनीचं कॅलेंडर,
त्यात खरंच एक मस्त बाई उभी होती.
"हाव," ती म्हणाली, "दिसते खरी."

दुसऱ्यांदा म्हणालो, "तुमचं दूध म्हणजे..."
आणि पुढचं वाक्य येईचना.
रांगेतून सुखदेव ओरडला, "पांढरं!"
सगळे हसले. तीही हसली,
आणि तिचा तो एक दात दिसला,
शेजारच्या दातावर चढलेला,
कुंपणावर पाय टाकून वासरू उभं राहावं तसा.
हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.
पण मी फॅट लिहीत होतो, चार पूर्णांक तीन.

रात्री कॅन धुऊन झाले की वाक्यं करून पाहतो,
एकेक नळीत सोडतो.
चंद्रासारखा चेहरा : अठरा डिग्री.
फुलासारख्या तुम्ही : कोणत्या फुलासारख्या?
पळसाला वास नाही,
पऱ्हाटीचं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटून जातं.
सगळं बुडतं.

तरंगतं ते एवढंच, जे पाहिलंय :
रांगेत गंगूबाईची लोटी असली
की ती स्वतःहून मागे सरकते.
आणि ओट्यावर ठेवण्याआधी
कॅनचं बुड पदरानं पुसते, माझी वही भिजू नये म्हणून.
पण "तुम्ही बुड छान पुसता"
हे वाक्य कोणत्याही बाजूनं फिरवलं
तरी बाईमाणसाला म्हणता येत नाही.

मग एकदा पावतीकडे लक्ष गेलं.
तीन वर्षं मशीन छापतंय,
शेषराव बळीराम अवथळे.
शेषराव बुटीबोरीला, कंपनीत.
त्यानं शेवटचं दूध काढलं
तेव्हा या मशीनचं खोकंही फोडलं नव्हतं.
फॉर्म आणला. म्हणालो, "भावाची सही इथं, तुमची इथं."
ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली,
लॅक्टोमीटर स्थिर व्हायची वाट पाहावी तशी.

आठ दिवसांनी कागद आला.
त्या रात्री मशीनसमोर बसलो.
त आणि स जुळेनात,
कधी पाय मोडायचा, कधी मधे जागा सुटायची.
साडेअकराला एकदाचं जुळलं.

सकाळी पावती फाडून दिली.
ज्योत्स्ना बळीराम अवथळे.
तिनं वाचली. मागची रांग खोकली.
तिनं पुन्हा वाचली.
"शाळेत बी कोनी बरोबर लिवलं नव्हतं," म्हणाली.
मग लगेच, "पैसे पन ह्याच नावानं येतीन न?"
"हाव."
रोज पावती चुरगाळून टोपलीत टाकते.
आज घडी घातली, मफलरमध्ये खोचली.

पायरी उतरता उतरता थांबली.
"तुमाले एक सांगू?
तुमचं माप खरं असते."
आणि मी काही म्हणायच्या आत,
"संक्रांतीले तरी दाढी करा."

पुढचा नंबर सुखदेवचा.
त्याचं दूध तेवीस लागलं होतं.
मी सत्तावीस लिहिलं.