अहवालातला तिरका रकाना

खजिनदार लुकस हेरवाडे म्हणतात,
पाळकसाहेब, दोन पानांत बसवा.
महिला मंडळानं लिंबाचं लोणचं विकून
अडतीस हजार जमवले, तरुण संघानं गाड्या धुऊन सहा,
हिशेब तर द्यायलाच हवा.

म्हणून रात्री नागाळा पार्कातल्या खोलीत
कागद घेऊन बसलोय.
प्रवास: कोल्हापूर ते मुंबई आरामबस, पुढे दोन विमानं,
मग मलावीतला तांबडा रस्ता,
पिकअपच्या मागं, मक्याच्या पोत्यांवर, आठ तास.
मुक्काम: बारा दिवस.
विषय: ईयोबाचं पुस्तक.
शिकवलेले पाळक: त्रेचाळीस.

इथवर सोपं होतं.

दुःख का येतं, याचे माझ्याकडे तीन मुद्दे होते,
राजारामपुरीत लॅमिनेट केलेले,
पानाला वीस रुपये.
भाषांतराला तियामिके नावाची मुलगी.
माझं एक वाक्य, तिची तीन.
एकदा विचारलं, एवढं काय सांगतेस?
म्हणाली, तुम्ही गाळता ते.

बाकांवरचे बहुतेक माझ्याहून थोरले.
कुणी दोन दिवस सायकल मारत आलेला.
एकाकडे बायबल निम्मंच,
स्तोत्रांपासून पुढचं;
ईयोबापर्यंतचं शेजारगावच्या पाळकाकडे,
दर सहा महिन्यांनी अदलाबदल करतात म्हणे.

चौथ्या दिवशी, दुसरा मुद्दा चालू असताना
म्हातारे म्फात्सो उभे राहिले.
प्रश्न विचारला नाही.
नुसता हात आडवा धरला, छातीशी.
तियामिके जरा थांबून म्हणाली:
पाणी. इथपर्यंत.
वादळाच्या त्या आठवड्यात यांनी अकरा जण पुरले.
त्यातले दोघे घरचे.

लॅमिनेटवर माझ्या अंगठ्याचा घाम.

काय झालं ठाऊक नाही,
माझाही हात वर गेला, गळ्याशी.
आमच्या गल्लीत पंचगंगा इथवर आली होती,
हे मी मराठीतच बोलून गेलो,
आणि तियामिकेनं ते तसंच जाऊ दिलं.

धाकटा आशेर. आठवड्यातून दोनदा डायलिसिस.
शिरोलीला हायवे बंद, आतले रस्ते बंद,
बोट आली तिसऱ्या दिवशी.
तोवर गच्चीवर, ताडपत्रीखाली
मी त्याला शाळेतल्या जुन्या मॅचा सांगत होतो,
त्यानंच मारलेले रन वाढवून वाढवून.
पुढच्या रविवारी, गाळ उपसलेल्या चर्चमध्ये
मी नोहाच्या मेघधनुष्यावर उपदेश केला.
दारात लोक हात मिळवत म्हणाले, छान झाला.
भावाचा त्यात एक शब्द नव्हता.

म्फात्सो बाक ओलांडून आले.
माझा हात अजून तिथंच अडकलेला,
तो त्यांनी धरून खाली घेतला,
शिडीवर चढून बसलेल्या पोराला
उतरवून घ्यावं तसा.
मग कुणीतरी चहा आणला, भाजके शेंगदाणे आणले.
वर्ग पुढं झाला नाही.
तास वाया: चार. हेही लिहायला हवं.

निरोपाला जिवंत कोंबडी दिली त्यांनी, पाय बांधलेली.
दोन तास मांडीवर घेऊन बसलो,
तिचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं.
शेवटी स्वयंपाकाच्या बाईंकडे सोपवली.
आवक: कोंबडी एक. जावक: कोंबडी एक.

हेरवाडे, पानं दोनच झालीत बघा.
फक्त तळाला एक रकाना हातानं आखलाय,
पट्टी सापडली नाही, जरा तिरका आहे.
मथळा अजून दिलेला नाही.
रविवारी वाचताना तिथं आलो
की कदाचित थांबेन.
घड्याळाखाली पुराची ती रेघ आहे ना,
रंगाऱ्याला तुम्ही पुसू दिली नव्हती,
तिकडं तेव्हा बघू नका.
किंवा बघा.