बोटभर जाड

तमन्ना सनदीनं चोपडं आणलं, हिरव्या पुठ्ठ्याचं,
पानात बिडीच्या दोऱ्याची खूण.
दोन समुद्र भेटतात, मध्ये पडदा असतो,
कुणी कुणाची हद्द मोडत नाही,
आणि पुढं, ठळक अक्षरात:
शास्त्रज्ञांना हे आत्ता कळलं.
"सर, खरं हाय का?"

आठवी ब, निपाणी. खिडकीबाहेर तंबाखूची वखार,
तिच्या खाटानं अर्धा वर्ग शिंकत असलेला.
समुद्र मी एकदाच पाहिलाय, मालवणला,
सहलीच्या पोरांच्या चपला राखत.

मधल्या सुट्टीत उंच ग्लास घेतला, टवका उडालेला.
तळाशी जाड मिठाचं पाणी.
वर गोडं, तिच्या डब्यातल्या बिटानं लाल केलेलं,
चमच्याच्या पाठीवरून थेंबथेंब.
राहिलं की दोन्ही वेगळं!
मधली रेघ इतकी सरळ
की तमन्नानं श्वास रोखला.
मग ड्रॉपरनं चाखलं. वर बीट. खाली तोंड वाकडं.

तेव्हा मी मास्तरकी केली:
पडदा नव्हे गं, जडपणातला फरक.
पाणी मिसळतं. हळू मिसळतं, एवढंच.
समुद्रात तर वाराही असतो.
"मग चोपडं खोटं?"
"शुक्रवारी बघू," म्हणालो.
(हे मास्तरांचं जुनंच आहे.)

शुक्रवारी रेघ नव्हती. पट्टा होता, बोटभर जाड,
गुलाबी, ना वरचा ना खालचा.

शाळा सुटल्यावर तिचे आजोबा आले, दस्तगीर सनदी.
बगलेत छत्री, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
अख्खी किताब तोंडपाठ, समुद्र बघितलेला नाही.
ग्लासाजवळ वाकले, कान देऊन, पाणी काही बोलेल तसे.
"हौदु," म्हणाले, मग मराठीत, मग घरच्या बोलीत,
कुठं सांधा म्हणून दिसला नाही.
"मास्तर, ही आयत मी साठ वर्षं म्हणतोय.
तिच्याकडं पाण्याचा हिशेब कधी मागितला नाही.
उद्या तुमचे शास्त्रज्ञ म्हणाले, चुकलं आमचं,
तर मी काय ती विसरू?
पोरीला पाणी दाखवलंत, बरं केलंत.
पण तळाला अंधार किती असंल हो,
लाटेखाली लाट, आणि तिच्याखाली…"
आपलाच हात डोळ्यांपुढं धरून
ते तो शोधत राहिले, थोडा वेळ, गमतीनं.
गमतीनंच असावं.

रविवारी मी सायकल काढली, भोजला गेलो,
वेदगंगा दूधगंगेला मिळते तिथं.
एक बाई गोधड्या आपटत होती.
विचारलं, वेदगंगा कुठवर म्हणायची?
"त्या बाभळीपतोर," म्हणाली.
"पुराच्या साली अलीकडंच."
आणि साबणाचा फेस दोन्हीकडं गेला.

सोमवारी ग्लास धुऊन पालथा.
शिवलिंगनं शनिवारी साफसफाई केली, त्याची काय चूक.
"मिसळलं होतं का, सर?"
"बघितलं नाही."

तिनं तसंच लिहिलं वहीत:
निरीक्षण: शुक्रवारपर्यंत बोटभर. पुढचं माहीत नाही.
निष्कर्षाची जागा सोडली,
आणि खाली रेघ मारली,
पट्टी न लावता.