अर्धा बूट

लांबारेत, सेल्सोच्या पंक्चरच्या दुकानात
बारा माणसं, एक टीव्ही,
बसायला ट्रकचे जुने टायर.
पात्रता फेरीची मॅच. पहिल्या अकरा मिनिटांत
तीन पिवळी कार्डं.

आमचा सहा नंबर समोरच्याला आडवा करतो
आणि दोन्ही हात पसरून आकाशाला विचारतो,
मी काय केलं?
आम्हीही विचारतो, काय केलं त्यानं?
बॉलच तर मारला!
बॉल तेव्हा चार हात लांब होता.

त्यांच्या पोरानं मात्र आमच्या कुणाचा नुसता शर्ट ओढला
तर न्या पोर्फिरिया,
जी चिपाची पाटी डोक्यावरून उतरवताना
पाटीलासुद्धा जप म्हणते,
तिनं त्या पोराच्या सात पिढ्या उद्धरल्या.
तेही ग्वारानीत.
स्पॅनिश आम्ही बँकेत वापरतो.

स्ट्रेचर तीनदा आत, तीनदा बाहेर.
गोलकीपरच्या भुवईला टाके.
मग सहा नंबर गेला, लाल कार्ड. मग आमचाच आणखी एक.
मग त्यांचा एक, तेव्हा देवाला
आमचा पत्ता सापडला असं वाटलं.

तेरेरे ओतायचं काम माझं, कारण मी सगळ्यांत लहान.
शिंगाचा एक पेला, एकच नळी,
बर्फाचं पाणी, कडू पाला.
क्रम ठरलेला: सेल्सो, त्याचा मेहुणा, न्या पोर्फिरिया,
आणि शेवटी दाराजवळ उभा म्हातारा विल्फ्रिदो.
तो बसत नाही. एकतीस वर्षं
महापालिकेच्या मैदानांवर लाइन्समन होता,
उभं राहायची सवय.
कानामागे बाटलीची खूण आहे,
कुठल्या मॅचची ते सांगत नाही.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट.
पलीकडच्या गल्लीतला रेडिओ आमच्या टीव्हीच्या पुढे धावतो,
म्हणून गोल आधी कानावर आला.
गल्ली ओरडली, आम्ही उठलो,
आणि मग पडद्यावर बॉल उडाला, डोकं लागलं, जाळी हलली.
टायर घरंगळत रस्त्यावर गेले.
सेल्सोनं मला उचललं, पाणी सांडलं,
मेहुणा रडत होता, चिपा पायाखाली.

विल्फ्रिदोचा उजवा हात वर होता.
सरळ. कोपर न वाकवता.
मुठीत ग्रीस पुसायचं फडकं.

गल्ली केव्हाच गप्प झाली होती,
ते आम्हाला नंतर उमगलं.

मग टीव्हीवरचा झेंडा.

कुणीतरी म्हणालं, तुझ्या हातानं गेला हा गोल.
कुणीच हसलं नाही.
हजार किलोमीटरवर, दुसऱ्या देशातल्या गवतावर
काय झालं ते आम्ही पाहिलंच नाही,
आम्ही तो हात पाहिला.
तोही पाहत होता,
दुसऱ्याचं कुत्रं आपल्या अंगणात आल्यासारखा.

शून्य शून्य. नऊजणांनी दहाजणांना रोखलं,
असं मेहुणा घोकत राहिला,
जसं काही आम्ही जिंकलो.
मी पेला भरला. सेल्सो. मेहुणा. न्या पोर्फिरिया.
पुन्हा सेल्सो.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
विल्फ्रिदोनं फडकं घडी करून खिळ्याला अडकवलं
आणि सायकल हातात धरून चालत गेला.
चाकात हवा नव्हती.

मंगळवारी तो तेच चाक घेऊन आला.
सेल्सो ट्रकखाली होता, फक्त पाय दिसत होते.
मी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे शोधले,
ठिगळ लावलं, पैसे घेतले नाहीत.
मग पेला भरला, आणि माझी पाळी सोडून
आधी त्याच्यापुढे धरला.
खाली बघत म्हणालो, अर्धा बूट पुढे होता ना?

त्यानं नळी तोंडात धरली, शेवटपर्यंत ओढली,
पेला रिकामा वाजला.

टाच, म्हणाला.
नुसती टाच.
ट्रकखालून एक पाना जोरात आपटल्याचा आवाज आला.