मानवणं

आमच्याकडे पाण्यालाही विचारतात, मानवलं का.
धुळ्याहून लग्न होऊन चोपड्याला आले तेव्हा
पहिला आठवडा सासू रोज विचारायची
आणि मी मान हलवायचे, पोट धरून.

गोळीचं कुणी विचारलं नाही.
माला-एनचं पाकीट कंडक्टरच्या बॅगेत,
सुट्ट्या पैशांखाली.
रोज रात्री एक.
पण माझी रात्र कधी घरी,
कधी वैजापूरला, मुक्कामी गाडीच्या खोलीत,
आणि सकाळी हातेड येईतो
डिझेलच्या वासाबरोबर मळमळ.
गोळीची, की गोळी चुकल्याची?
भीती दोन्हीची सारखीच.

मग तांबी.
डेपोतली कोकिळा म्हणाली, माझी सहा वर्षं झाली,
आत आहे हेसुद्धा आठवत नाही.
खरं होतं तिचं. तिच्या अंगाचं खरं.
माझ्या अंगानं मे महिन्यात, गलंगीच्या पुढे,
पंचेचाळीस डिग्रीत, चौसष्ट माणसांत,
मी "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत असताना
आपलं म्हणणं खाकीवर मांडलं.
ड्रायव्हर सोनवणे अण्णांनी
आरशातून एकदाच पाहिलं
आणि सीटवरचा टॉवेल मागे दिला.
शिरपूरपर्यंत तो कमरेला बांधून
मी तिकिटं काढली.

इंजेक्शननं पाळी पळालीच.
तीन महिने कोरडे.
आनंद व्हायला हवा होता.
मी मात्र कॅलेंडरसमोर उभी,
फलाटावर, न आलेल्या गाडीसाठी.

भिकन म्हणाला, मी आणतो दुकानातून.
आणलंही.
गावातला मेडिकलवाला मावसभावाचा मित्र,
म्हणून थेट अमळनेरहून.
कागदात, कागद पिशवीत, पिशवीवर मेथी.
हसलो आम्ही खूप.
पण ड्युटी बदलून अचानक घरी आलेल्या रात्री
ती पिशवी कुठे ठेवली
दोघांनाही आठवेना.
पुढचा पंधरवडा कसा गेला
ते सांगत नाही.

तडवी सिस्टरनं वही उघडली,
"सांगा" म्हणाली
आणि थांबली.
एवढंच वेगळं होतं तिच्यात.
मी सांगत गेले: मुक्काम, मळमळ, टॉवेल, मेथी.
तिनं बीपी घेतलं,
डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त पाहिलं,
मग माझ्या ड्युट्या विचारल्या,
कुठली रात्र कुठे.
"आठवड्याची गोळी बघू. छाया.
तीन महिने रविवार-बुधवार, मग नुसता रविवार.
नाही मानवली तर परत या."
परत या.
हे कुठल्याच पाकिटावर छापलेलं नव्हतं.

सासूला सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती.
तिचं ऑपरेशन शाळेच्या वर्गात,
सतरंजीवर, रांगेत अकरावी.
तेव्हा मिळालेल्या स्टीलच्या डब्यात
अजून तूरडाळ असते.
"मले कोनी इचारं नही," म्हणाली.
फोलपटं फुंकली.
बऱ्याच वेळानं:
"आंगले सोसस का नही, ते देख."

अकरा महिने झाले.
पाळी उशिरा येते, पण येते.
संपलेल्या रोलच्या टोकावर रविवार लिहून ठेवते.
मानवली, असं मोठ्यानं म्हणत नाही अजून.

काल हातेडला एक पोर चढली,
मांडीवर बाळ, सिस्टरच्या बाकावर दिसलेली.
अर्धं तिकीट हातात घेऊन हळूच:
"ताई, तुम्ही काय घेता?"
नाव ओठांवर आलं होतं.
गिळलं.
"तुझं सांग आधी," म्हटलं,
आणि मशीन बॅगेत टाकून
तिच्या शेजारी,
आठ वर्षांत पहिल्यांदाच,
भरल्या गाडीत
खाली बसले.