वेश्रानसर

नकाशा कातड्याचा होता,
दलदलीतल्या झुरव्याच्या कातड्याचा.
मेल्यावरही हे जनावर
पावसाची चाहूल लागली की अंग चोरतं.
म्हणून आभाळ भरून आलं की सगळे मुलूख जवळ यायचे:
उत्तरेची खिंड दोन बोटं अलीकडे,
शत्रूची राजधानी जवळजवळ ओंजळीत.
सेनापती वेश्रान नेमका अशाच दिवशी कूच करायचा.
तीन मजलांची वाट सहा मजला चालून
सैन्य पोचायचं ते वहाणा चघळत.

माझं काम कातडं ताणून धरायचं.
चार कोपऱ्यांना चार दगड,
आणि एखादा दगड कमी पडला तर मी.
तंबूत माझं नाव ईशान्य होतं.
"ईशान्य, जरा वर हो," म्हणायचे सरदार,
आणि मी डोंगरांसकट वर व्हायचे.

दुपारी बगळ्यांवरचे टेहळे उतरायचे,
पिसं झटकत, नाकं लाल,
सांगायचे वरून काय दिसलं:
नदी म्हणजे फीत, रान म्हणजे शेवाळ,
माणसं... माणसं दिसली नाहीत.
चिखल किती खोल, ते बगळ्यावरून कसं कळणार?
ते इझ्माला ठाऊक होतं, मीठवालीला.
एकदा तिला धरून आणलं, विचारलं, उतारापर्यंत अंतर किती?
"गाढव उपाशी असेल तर एक झोप," ती म्हणाली,
"खाल्लेलं असेल तर दोन.
आणि पौर्णिमेला जाऊ नका,
पौर्णिमेला नदी कूस बदलते."
सरदार हसले. लेखनिकाने लिहिलं: दीड झोप.
मग झोप खोडून कोस केलं.

त्या पौर्णिमेला डावी फळी बुडाली.
नकाशावरच्या तिच्या लाकडी सोंगट्या
तेवढ्या कोरड्या राहिल्या.
वेश्रानने तीन दिवस त्या उचलू दिल्या नाहीत.
त्याला वाईट म्हणायचं तर म्हणा,
पण रात्री तो त्यांच्यावर आपली शाल टाकायचा.
मी जागीच असायचे, म्हणून सांगते.

माझं गाव त्या कातड्यावर नव्हतं.
तोव्हें. बावीस घरं, एक भट्टी, काळ्या बोरांचं कुंपण.
ते कुठे असायला हवं, माझ्या बोटांना माहीत होतं:
माझ्या अंगठ्यापासून वीतभर,
जिथे जनावराला कधीकाळी भाला लागला होता.
दोन्ही सैन्यांची सोपी वाट
त्या व्रणावरूनच जात होती.
मी बोलले नाही.

आणि एका रात्री, दिवा कमी, वाद जास्त,
वेश्रानने बोरांच्या काढ्याचा पेला ठेवला
नेमका तिथे.
उचलला, तर गोल. ओला, तपकिरी, कडेला गडद.
"पूस," तो म्हणाला.
मी पुसलं.
म्हणजे पुसल्यासारखा हात फिरवला.

तो पुढच्या लढाईत पडला.
नकाशा जिंकणाऱ्यांकडे गेला, आणि त्यांनी
त्याच जनावराच्या कातड्यावर बारा नकला करवल्या.
नक्कल करणारी पोरं मन लावून काम करणारी.
डाग त्यांनी निळा रंगवला,
काठाला वेत काढले, एकाने दोन बदकंसुद्धा,
आणि एवढ्या पाण्याला नाव तर हवं, म्हणून
मेलेल्या सेनापतीचं दिलं: वेश्रानसर.

त्यानंतर चार मोहिमा झाल्या.
चारही सैन्यं आमच्या गावाला वळसा घालून गेली.
होड्या नव्हत्या त्यांच्याकडे.

गावात विहीर एकच, उन्हाळ्यात तीही तळ दाखवते.
तरी पोरं आता काठावर राहतो म्हणतात,
आणि एक म्हातारा रोज संध्याकाळी
बोरांच्या कुंपणापाशी गळ घेऊन बसतो.

परवा इझ्माची नात मीठ विकून परतली.
म्हणाली, नवा सेनापती तरुण आहे, नीटनेटका,
नकाशातलं काही सोडत नाही.
चाळीस होड्या गाड्यांवर चढवून निघालाय आमच्या तळ्याकडे.
"येऊ देत," शेजारीण म्हणाली, "हिवाळ्याचं सरपण झालं."

मी मात्र आभाळाकडे बघतेय.
भरून आलंय.
त्याच्या तंबूत आत्ता
आम्ही किती जवळ दिसत असू.