दर मंगळवारी

ग्वाल्हेर, लष्कर, दौलतगंज.
दुकानातल्या लिनक्सच्या लॉक-स्क्रीनवर वार उमटतो:
मंग, मग रिकामा चौकोन, मग वार.
बाकी सहा दिवस काही बिघडत नाही.

तक्रार नोंदवली. आवृत्ती लिहिली, फॉन्ट लिहिला,
मोबाइलनं काढलेला फोटो जोडला.
गुरुवारी उत्तर आलं:
'आमच्याकडे असं होत नाही.'
बरोबर आहे. गुरुवारी होतच नाही.

पुन्हा लिहिलं, पायरीपायरीनं:
एक, भाषा मराठी ठेवा.
दोन, मंगळवारची वाट बघा.
मग उद्धट वाटलं, दुसरी पायरी खोडली,
'तारीख पुढे ढकला' केलं.

स्टुलावर बसलेली भाची, ऋजुता,
पडद्याकडे बघून म्हणाली,
"मंगलवार. दिसतोय की, मामा!"
तिला चौकोन अडलाच नाही.
रागावणार होतो;
पण परवा फोनवर आईला
मीच म्हणालो होतो, "जवलच आहे, आलो."
आई क्षणभर गप्प होती.

दुरुस्ती बावीस दिवसांनी आली, एका ओळीची:
यादीत कुणी एक फॉन्ट वर सरकवला होता.
अपडेट केलं तेव्हा बुधवार.
तारीख ढकलून लगेच बघता आलं असतं.
नाही ढकलली.
सहा दिवस दुकान उघडलं, झेरॉक्स काढल्या,
आणि येता-जाता, ओठांतल्या ओठांत,
जीभ टाळूला लावून पाहिली.