अस्वल काढताना

थंडर बे, मार्च. बाहेर उणे एकोणीस.
रात्री अकराला ऑल्डरीजचे दिवे निम्मे होतात
आणि वेस्ली पेल्टोला आत येतो
हेअर ड्रायर, प्लास्टिकची सुरी, संत्र्याच्या वासाचं द्रावण
आणि काखेत गुंडाळलेलं नवं नाव घेऊन.

दूध आणि फुलं यांच्या मधल्या बोळात
नाणी मोजणारं यंत्र उभं आहे.
अकरा वर्षं त्याच्या पोटावर एक हिरवं अस्वल होतं,
पंजात मधाऐवजी चिल्लर.
जाता-येता पोरं त्याच्या नाकाला हात लावायची,
म्हणून नाक केव्हाच गेलं. तेवढाच भाग पांढरा.

वेस्ली अस्वलाच्या कानाला गरम वारा देतो.
घाई केली तर फाटतं.
दमानं घेतलं तर निघतं एकसंध,
भाजलेल्या वांग्याची साल निघावी तसं.
खाली गोंदाची पिवळट रेघ,
आणि रेघेखाली आणखी एक नाव,
अर्धं पुसलेलं, कुठल्याशा बँकेचं,
जी वेस्लीनंही कधी ऐकलेली नाही.

"चला, आता हे आपलं झालं,"
रात्रपाळीची ब्रॉन्विन म्हणते, चहा फुंकत.
आपलं म्हणजे काय ते वेस्लीला माहीत आहे:
नाणी न्यायला अस्वलवाल्यांचीच गाडी येणार,
शंभरातले बारा तेच कापणार,
बिघडलं तर तेच, किंवा कुणीच नाही.
दुकानाचा फक्त लाल रंग
आणि फरशीचे चार चौकोन.
मागे, भिंतीकडे तोंड करून,
तक्रारीचा जुना नंबर तसाच राहील.
त्याला हात लावायचा नाही. करारातच आहे.

दोन वाजता बारसं उरकतं.
ना पाळणा, ना कानात कुर्र करायला आत्या.
वेस्ली तळहातानं एक बुडबुडा कडेपर्यंत ढकलतो
आणि सही करतो.

गुरुवारी हिल्का राउतिओ येते,
वय एक्क्याऐंशी, हातात कॉफीचा पत्र्याचा डबा.
फुलांपाशी थांबते. दुधाकडे बघते. परत फुलांकडे.
"अस्वल कुठं गेलं?"
"काढलं. हे नवीन आहे, आमचंच,"
टायरेल म्हणतो. सोळा वर्षांचा. त्याला तसंच सांगितलंय.

आमचंच म्हटल्यावर तिला जरा धास्ती वाटते.
अस्वलाशी तिची ओळख होती;
नवरा गेल्यावर त्याच्या कोटांचे खिसे
तिनं त्याच्याच पोटात रिकामे केले होते,
सात कोट, एका दुपारी,
आणि अस्वलानं काही विचारलं नव्हतं.

ती अंदाज घेत पहिली मूठ टाकते.
दुसरी.
तिसऱ्या मुठीला यंत्र खोकतं,
अडतं,
घशात काहीतरी फिरवतं
आणि कण्हत पुन्हा सुरू होतं.

हिल्काच्या खांद्यांवरचा ताण उतरतो.

शेवटी खालच्या वाटीत टण्णकन एक नाणं परत येतं.
फिनलंडचं, एक पेनी, एकोणीसशे त्रेसष्ट सालचं,
सासूबाईंनी कधीतरी पोस्टाच्या पाकिटातून पाठवलेलं.
दर वेळी डब्यात जातं,
दर वेळी यंत्र ते ओळखायला नकार देतं,
अगदी त्याच सुरात.

पावती येते. वर लाल अक्षरांत ऑल्डरीज,
आणि तळाशी, कारण छपाईच्या डोक्याला
कुणी काही सांगितलंच नाही,
"अस्वल तुमचं आभारी आहे."

ती टायरेलला दाखवत नाही.
परकं नाणं डब्यात टाकते, झाकण दाबते,
आणि निघताना, नाक जिथं होतं
तिथं, लाल कागदावर,
दोन बोटं टेकवते.

तिकडे गोठलेल्या तळ्यावर
वेस्लीच्या मासेमारीच्या झोपडीला
आता एक हिरवं दार आहे.
महिनाअखेरपर्यंत. मग बर्फ सुटेल,
झोपडी ओढून आणावी लागेल.